न फेडलेली सावड

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. संक्रांतीनंतरच्या आठवड्यात आमच्या तालुक्याच्या गावी एका महिला मंडळाचा कार्यक्रम होता. पत्रिकेवर दोन ओळी होत्या. वरची ओळ : वीरपत्नींचा सत्कार. खालची ओळ : हळदी-कुंकू व तिळगूळ समारंभ. चौघींना व्यासपीठावर बसवलं होतं. शाल दिली, नारळ दिला, तुळशीचं रोप दिलं. तुमच्या त्यागामुळे आम्ही रात्री सुखानं झोपतो, असं एकामागून एक वक्ते सांगत होते आणि सभागृह टाळ्या वाजवत होतं. मग माइकवरून सांगण्यात आलं की सत्काराचा भाग संपला आहे आणि पाहुण्यांना घरी सोडायला खाली गाडी उभी आहे.

चौघी उठल्या. त्या एका बाजूच्या पायऱ्या उतरत होत्या, तेव्हा दुसऱ्या बाजूनं कुंकवाचा करंडा, अत्तरदाणी, गुलाबदाणी आणि वाणाची ताटं आत येत होती. त्यांना कुणी जा म्हटलं नाही. म्हणावं लागलं नाही. आपल्या उठण्याची वेळ त्यांना पाठ होती.

मी तिथे तिसऱ्या रांगेत बसले होते. मी कुंकू लावून घेतलं, हातावर अत्तर घेतलं, वाणाचा डबा पिशवीत टाकला आणि घरी आले. त्या रात्री मात्र मला झोप लागली नाही. हा लेख त्या रात्रीपासून माझ्या डोक्यात आहे.

सावड म्हणजे काय, हे शहरातल्या वाचकांना सांगायला हवं. खुरपणी आली, काढणी आली, की घरचे हात पुरत नाहीत. मजूर लावायला पैसा नसतो. मग बायका आपसांत ठरवतात : आज माझे हात तुझ्या वावरात, उद्या तुझे माझ्या वावरात. कुठे याला पैरा म्हणतात, आमच्याकडे सावड. त्यात पैसा नाही, कागद नाही, साक्षीदार नाही. दिवस मोजायचे आणि दिवसानं दिवस फेडायचा, एवढाच व्यवहार. पाऊस आला, पोर आजारी पडलं, घरात मयत झालं तरी सावड अंगावरून उतरत नाही. पुढच्या हंगामात फेडावी लागते. सावड बुडवणाऱ्या घराला गावात मान राहत नाही.

माझा आरोप असा आहे. या देशानं प्रत्येक युद्धात बायकांकडून सावड घेतली आणि ती बुडवली. बुडवताना तलवार वापरावी लागली नाही, कुंकवाचा करंडा पुरला. आणि तो करंडा आम्हा बायकांच्याच हातात होता.

सातारा जिल्ह्यात अपशिंगे नावाचं गाव आहे. नावापुढे ‘मिलिटरी’ हा शब्द लावूनच लोक त्याला ओळखतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण कामी आले. इंग्रज सरकारनं त्यांच्या आठवणीसाठी गावात स्मारक उभारलं. गावाला त्याचा अभिमान आहे आणि असायलाच हवा. पण ४६ हा आकडा मी बाईच्या नजरेनं वाचते, तेव्हा मला गल्ल्या दिसतात. एका गल्लीतल्या किती घरांच्या चुली त्या चार वर्षांत एकट्या बाईनं पेटवल्या? किती जणींनी औत धरलं, मोट हाकली, सावकाराला तोंड दिलं? स्मारकाच्या दगडावर त्याला जागा नाही.

ज्या काळात गावातल्या बहुतेक बायकांना अक्षर येत नव्हतं, त्या काळात नवरा बसरा-बगदादकडे गेलेला. मनीऑर्डर आली की अंगठा उठवायचा. पत्र आलं की शाळेच्या मास्तरांकडे किंवा पोस्टमनकडे जायचं आणि परक्या पुरुषाच्या तोंडून नवऱ्याचे शब्द ऐकायचे. तिथे ती एकटी जात नसे. शेजारच्या चौघी सोबत असत. पत्र एकीचं आणि कान दहाजणींचे, कारण एकाच्या पत्रात चार जणांची खुशाली असायची : अमक्याला ताप आला होता, तमक्याची बदली झाली, फलाणा बरा आहे. ज्या घरी महिनोन् महिने पत्र येत नव्हतं, ते घर या दुसऱ्यांच्या पत्रांवर जगत होतं. मेसोपोटेमियात कूतच्या वेढ्यात मराठा पलटणी अडकल्या आणि २९ एप्रिल १९१६ रोजी तिथल्या फौजेनं शरणागती पत्करली. हजारो माणसं कैदेत गेली, कितीतरी वाटेतच मेली. इकडे त्यांच्या बायकांना कुणी सांगावं की कपाळावरचं कुंकू ठेवायचं की पुसायचं? अशा काळात बाईला बाईशिवाय दुसरा आधार नव्हता. युद्धकाळातल्या बायकांच्या मैत्रीला मी हळवेपणानं मैत्री म्हणत नाही. ते जगण्याचं साधन होतं, विळ्या-खुरप्यासारखं रोज हाताला लागणारं.

दुसऱ्या महायुद्धात हिंदी सैन्याची संख्या २५ लाखांवर गेली. साताऱ्या-कोल्हापूरकडची, कोकणातली माणसं आफ्रिकेत, इटलीत, ब्रह्मदेशात लढली. माणगाव तालुक्यातल्या यशवंत घाडगे यांना १९४४ साली इटलीत मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावात त्यांचा पुतळा आहे. ज्या समाजाला इंग्रजांनी ‘लढवय्या नाही’ म्हणून सैन्यातून काढून टाकलं होतं, त्याच्यासाठी १९४१ मध्ये बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली, आणि गावकुसाबाहेरच्या वस्तीतही मनीऑर्डरी येऊ लागल्या. घरी राहिलेल्यांसाठी ते महागाईचे दिवस होते. रॉकेल, साखर, कापड मिळेना. मे १९४३ मध्ये मुंबईत धान्याचं रेशनिंग सुरू झालं.

आणि त्याच साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार चालू होतं. म्हणजे एकीचा नवरा इटलीत इंग्रजांच्या बाजूनं लढतो आहे आणि शेजारणीचा भाऊ इंग्रजांविरुद्ध भूमिगत झाला आहे. या दोघी एकाच आडावर पाणी भरत होत्या. भूमिगतांना भाकरी बायकांनी पोचवल्या, निरोप बायकांनी नेले, पोलीस आल्यावर तोंड बंद ठेवलं तेही बायकांनी. नाना पाटलांच्या कन्या हौसाताई पाटील यांनी भवानीनगरच्या पोलीस चौकीसमोर नवरा-बायकोच्या मारहाणीचं सोंग वठवलं, पोलीस सोडवायला धावले आणि तेवढ्यात साथीदारांनी आतल्या बंदुका पळवल्या. त्या धाडसाच्या मागे गावागावांतल्या शेकडो जणींची मूक एकी होती. ती नसती तर प्रतिसरकार आठवडाभरही टिकलं नसतं.

स्वातंत्र्यानंतरही मागणी थांबली नाही. १९६२ साली चीननं हल्ला केला तेव्हा संरक्षण निधीसाठी बायकांनी अंगावरचं सोनं उतरवून दिलं. जवानांसाठी स्वेटर विणले. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी आठवड्यातून एक वेळचं जेवण सोडा म्हणून सांगितलं, तेव्हा ते जेवण बहुतेक घरांत सगळ्यांत आधी कुणी सोडलं असेल, हे मी लिहायला नको.

१९७१ ची भूजची हकिकत मात्र जरा सविस्तर सांगते. डिसेंबरमध्ये पाकिस्तानी विमानांनी भूजच्या हवाई तळावर बॉम्ब टाकले आणि धावपट्टी निकामी केली. तळाची जबाबदारी स्क्वाड्रन लीडर विजय कर्णिक यांच्याकडे होती. दुरुस्तीला माणसं कमी होती. शेजारच्या माधापर गावातून बायका आल्या, सुमारे ३००. पोरं शेजारणीकडे ठेवली, घराला कडी लावली आणि आल्या. विमानातून दिसू नये म्हणून झाडाझुडपांत मिसळतील अशा फिक्या हिरव्या साड्या नेसायला त्यांना सांगितलं होतं. भोंगा वाजला की झुडपांत पळायचं, परत वाजला की बाहेर येऊन घमेली उचलायची. धावपट्टी वरून ओळखू येऊ नये म्हणून तिच्यावर शेणाचा सडा घातला. पहिल्या दिवशी खायला काही नव्हतं, उपाशीपोटी काम केलं. दुसऱ्या दिवशी जवळच्या देवळातून फळं आणि मिठाई आली. ७२ तासांत धावपट्टी तयार झाली आणि चौथ्या दिवशी तिच्यावरून विमान उडालं.

पुढे सरकारनं त्यांना ५०,००० रुपयांचं बक्षीस दिलं. ती रक्कम वाटून घेतली असती तर प्रत्येकीच्या वाट्याला दीडशे-पावणेदोनशे रुपये आले असते, आणि त्या काळी गरिबाघरी ती रक्कम लहान नव्हती. त्यांनी ती वाटून घेतली नाही, गावातल्या समाजगृहासाठी दिली. मिळालेलं मोलसुद्धा परत सावडीत घालणाऱ्या या बायका. अशा बायकांशी आपण काय वागतो, ते आता बघू.

माझी थोरली काकी त्याच डिसेंबरमध्ये विधवा झाली. काका पूर्वेच्या आघाडीवर होते. तार आली तेव्हा काकी बावीस वर्षांची होती आणि पदरात दीड वर्षाचा मुलगा. काका आघाडीवर गेल्यापासून घरची सहा एकर शेती तिनं जिच्या सोबतीनं रेटली होती, ती तिची गडण, म्हणजे मैत्रीण, बौद्धवाड्यातली होती. तिचा नवरा महार रेजिमेंटमध्ये, पश्चिमेच्या आघाडीवर. दोघींचे नवरे एकाच महिन्यात रजा संपवून गेले होते आणि दोघींची सावड त्या दिवसापासून लागली होती. काकीची सहा एकर आणि तिचा ओढ्याकडेचा दीड एकर, दोन्हीकडे चार हात. पोरं एकाच झाडाला, एकाच झोळीत. एकीला ताप आला तर दुसरी तिचं पोर पाजायची. हे मी ऐकलेलं नाही, मी पाहिलं आहे. मी तेव्हा दहा वर्षांची होते आणि ती झोळी हलवण्याचं काम माझं होतं.

आता आमच्या घराचा गुन्हा लिहिते. वावरात एका पातीला खुरपणाऱ्या या दोघी घरी एका पंगतीला बसत नव्हत्या. काकीची गडण आमच्या अंगणापर्यंत यायची. पाणी वरून ओंजळीत घालायचं. काकीच्या लेकराला जिनं दूध पाजलं, तिच्या हातचा तांब्या आमच्या माजघरात चालत नव्हता. बाबासाहेबांना जाऊन पंधरा वर्षं झाली होती, अस्पृश्यता पाळणं कायद्यानं गुन्हा होऊन सोळा वर्षं झाली होती, आणि आमच्या घरात महात्मा फुल्यांची तसबीर होती.

तार आली त्या दिवशी गल्लीतल्या म्हाताऱ्या जमल्या. काकीला मधे बसवलं. त्यांत तीन जणी स्वतः विधवा होत्या. हे काम विधवांनीच करायचं असा रिवाज. जोडवी ओढून काढली, मंगळसूत्र तोडलं, हात दगडावर धरून बांगड्या फोडल्या. काच मनगटात घुसली. काकीची किंकाळी अंगणात ऐकू आली, तेव्हा तिची गडण सारवलेल्या अंगणाच्या कडेला उभी होती. ती उंबरा ओलांडून आत गेली. आमच्या घराच्या इतिहासात त्या वस्तीतलं माणूस पहिल्यांदाच माजघरात गेलं होतं. तिनं काकीचं मनगट आपल्या पदरात गुंडाळलं आणि म्हाताऱ्यांना म्हणाली, “रगात निगालंय. आता तरी सोडा तिला.”

त्या म्हाताऱ्यांनी काय केलं असेल? त्यांनी त्या बाईला बाहेर काढलं आणि माजघर गोमूत्र शिंपून धुतलं. काकीच्या मनगटातली काच संध्याकाळपर्यंत तशीच होती.

वीर गेला म्हणून आठ दिवसांनी साहेबलोक येऊन गेले. शाळेसमोर शोकसभा झाली. गावानं काकांच्या नावानं घोषणा दिल्या. ती माणसं खोटी नव्हती, त्यांचे डोळे खरोखर भरले होते. हेच मला आजही सगळ्यांत भयंकर वाटतं. ज्या गावाचे डोळे काकांसाठी भरले, त्याच गावानं काकीला दुसऱ्या दिवसापासून अपशकुन ठरवलं. पुढच्या वर्षी आमच्या भावकीतला एक मुलगा भरतीला निघाला. दारात औक्षणाचं ताट घेऊन सुवासिनी उभ्या. काकीनं त्याच्यासाठी रात्री जागून लाडू वळले होते, तरी ती परसात गोठ्यामागे जाऊन उभी राहिली, का तर सैन्यात जाणाऱ्या पोराला सैनिकाच्या विधवेचं तोंड दिसू नये. माझ्या लग्नाच्या हळदीलाही ती चुलीपुढे होती. मला तिनं अंगाखांद्यावर वाढवलं होतं. मी बी.ए. झाले होते, आगरकर वाचले होते, ताराबाई शिंद्यांचं ‘स्त्रीपुरुष तुलना’ वाचलं होतं. मांडवातून उठून स्वयंपाकघरात जावं, तिच्या हाताची हळद आधी लावून घ्यावी, एवढं माझ्या हातून झालं नाही. पाहुणे काय म्हणतील, या भीतीनं मी बसून राहिले. दुसऱ्यांवर आरोप करताना हा माझा वाटा मी आधी कबूल करते.

काही जण म्हणतील, या जुन्या चालीरीती आहेत, हळूहळू जातील, त्यात कुणाचा वाईट हेतू नसतो. मी म्हणते, हेतू आहे, आणि तो लिहून ठेवलेला आहे. १८५६ साली ईश्वरचंद्र विद्यासागरांच्या खटपटीनं विधवाविवाहाचा कायदा झाला. आपण त्याचे गोडवे गातो. त्याच कायद्याचं दुसरं कलम वाचा : विधवेनं पुन्हा लग्न केलं की पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा तिचा हक्क संपला. लग्नाची मोकळीक दिली आणि दाराशी कुलूप ठेवलं.

आता स्वतंत्र भारतात या. शौर्यपदक मिळवलेल्या सैनिकाच्या मागे त्याच्या विधवेला दरमहा भत्ता मिळतो. नियम काय होता? ती पुन्हा लग्न करेपर्यंत. १९९५ साली त्यात एक सवलत आली : लग्न नवऱ्याच्या भावाशी केलं तर भत्ता चालू राहील. दुसऱ्या कुणाशीही केलं तर बंद. एका बाईनं कुणाशी संसार करावा, हे देशाच्या सरकारनं भत्त्याच्या दोरीनं बांधून ठेवलं होतं. कारगिलचं युद्ध झालं, ५२७ जवान गेले, देशभर मिरवणुका निघाल्या, तेव्हाही हा नियम होता. तो काढला नोव्हेंबर २०१७ मध्ये. स्वातंत्र्याला सत्तर वर्षं झाल्यावर.

१८५६ चं ते कलम आणि १९९५ ची ती सवलत यांच्यात अंतर दिसतं ते फक्त भाषेचं. दोन्हींचा अर्थ आमच्या भावकीतल्या थोरल्यांनी काकीला दोन वाक्यांत सांगितला होता : पैसा घरातला आहे. घरातच राहिला पाहिजे. कुंकू पुसणं, रंगीत साडी काढून घेणं, चारचौघींत बसू न देणं, हे सगळं या वाक्याच्या राखणीसाठी आहे. जी बाई चारचौघींत बसते, ती चार गोष्टी ऐकते. पेन्शनचं पुस्तक कुणाच्या नावावर आहे, सातबाऱ्यावर कुणाचं नाव लागलं, शेजारच्या गावातल्या विधवेनं काय केलं, हे तिला कळतं. ती विचारायला लागते. म्हणून पहिल्यांदा तिला चारचौघींतून उठवायचं. एकटी पडलेली बाई अंगठा लवकर देते. काकीनंही दिला. सहा एकरांतले चार एकर तिच्या मुलाच्या वयाच्या पाचव्या वर्षी भावकीकडे गेले. त्या दिवशी तिच्यासोबत तलाठ्याकडे यायला तिची गडण तयार होती. आमच्या घरच्यांनी सांगितलं, ती बाई बरोबर असेल तर आमच्या उंबऱ्यात पाऊल टाकू नकोस.

पुरुषांनी हे केलं, असं म्हणून मी सुटणार नाही. कागद पुरुषांनी केले. चारचौघींतून उठवण्याचं काम आम्ही केलं. संक्रांतीला कुणाला बोलवायचं याची यादी कोण करतं? बारशाच्या पाळण्याला कुणाचा हात लागू द्यायचा, ओटी कुणी भरायची, वडाला कोणी फेरी घालायची, लग्नात हळद कुणाच्या हातून लागायची, हे कोण ठरवतं? यात एकही पुरुष बोलत नाही. ज्या बाईनं युद्धाच्या वर्षात आपल्या शेजारणीचं लेकरू पाजलं, तिला युद्ध संपल्यावर आपल्या ताटापासून दूर बसवण्याची कामगिरी आम्ही न सांगता पार पाडतो. ज्या मैत्रीनं आम्हाला जगवलं, तिला आम्ही चिमूटभर कुंकवाच्या बदल्यात विकतो, वर्षानुवर्षं, आणि घरी येऊन वाणाचे डबे फडताळात लावून ठेवतो.

हे बदलता येत नाही असं मला कुणी सांगू नये. सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांनी १८६३ साली स्वतःच्या घरात विधवांसाठी बाळंतपणाची सोय केली, तेव्हा त्यांच्या पाठीशी कुठलं सरकार नव्हतं. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात पुनर्विवाहाला कायद्याचा आधार दिला. त्यांच्या स्मृतिशताब्दीच्या सुमारास, मे २०२२ मध्ये, त्याच कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं ग्रामसभेत ठराव केला की आमच्या गावात विधवेचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. राज्य सरकारनं त्याच महिन्यात परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना हा कित्ता गिरवायला सांगितलं. त्यानंतर मी आमच्या पंचक्रोशीतल्या तीन ग्रामपंचायतींत जाऊन आले. दोन ठिकाणी ठराव झाला आहे. ठरावाचा कागद फ्रेम करून लावलेला आहे. त्या दोनपैकी एका गावात मागच्या वर्षी तेराव्याच्या आतच बांगड्या फुटल्या. मी विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, “ठराव पंचायतीचा हाय, रिवाज बायकांचा हाय.”

म्हणून आता मी सरकारकडे मागणी करत नाही. माझी मागणी माझ्या बहिणींकडे आहे, आणि ती अगदी छोटी आहे. येत्या संक्रांतीला यादी करताना पहिलं नाव तिचं लिहा, जिचं नाव तुम्ही आजवर लिहिलं नाही. मग ती सैनिकाची विधवा असो, ऊसतोडीला जाऊन नवरा गमावलेली असो, नाहीतर करोनात गेलेल्याची. ती येणार नाही. पहिल्या वर्षी तर नक्कीच येणार नाही, कारण तिनं इतकी वर्षं आपल्या उठण्याची वेळ पाठ केलेली आहे. तुम्ही तिच्या घरी जा. करंडा घेऊन जा. तिला नको असेल तर कुंकू लावू नका, ते तिनं ठरवावं. पण तिच्या चटईवर बसा, तिच्या हातचा चहा प्या आणि पुढच्या वर्षी पुन्हा जा. महिला मंडळाच्या अध्यक्षांना माझं सांगणं आहे, की सत्कार आणि हळदी-कुंकू या दोन ओळी एका पत्रिकेवर छापायच्या असतील, तर मधली गाडी बंद करा. ते जमत नसेल, तर वरची ओळ छापू नका.

काकी तीन वर्षांपूर्वी गेली. सत्तरी ओलांडली होती. तिचा मुलगा पुण्याला असतो. उरलेली दोन एकर शेती मी बघते. तिच्या तेराव्यानंतर, पावसाळ्याच्या तोंडावर, एक दिवस तिची गडण दारात आली. कमरेत वाकलेली, हातात काठी. मी तिला आत घेतलं आणि माजघरात पाटावर बसवलं. पाण्याचा तांब्या दिला. तिनं तो तोंडाला लावला नाही, वरूनच प्यायली, सवय. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, “पोरी, तुज्या काकीचं अकरा दिस माज्याकडं ऱ्हायल्यात.”

मला कळेना. मग तिनं सांगितलं. तिच्या घराच्या आतल्या भिंतीवर, दाराच्या मागे, ती कोळशानं रेघा ओढायची. काकीचा दिवस एका बाजूला, तिचा दुसऱ्या बाजूला. दिवाळीला भिंत सारवली की उरलेल्या रेघा मोजून पुन्हा ओढायची. ज्या वर्षी तिचं मांडीचं हाड मोडलं, त्या वर्षी काकी तिच्या दीड एकरात जाऊन येत होती, आमच्या घरी कुणाला न सांगता. ते अकरा दिवस फिटले नव्हते.

मी म्हटलं, “मावशी, आता काय ते. काकीच गेली.”

“ती गेली. वावार कुटं गेलंय?”

मृगाच्या पेरणीनंतर पहिल्या खुरपणीला ती आली. भुईमूग वीतभर झाला होता आणि हराळी माजली होती. तिला वाकता येत नव्हतं, म्हणून ती पातीत खाली बसली आणि बसल्या बसल्या सरकत खुरपत राहिली. मी तिच्या शेजारची पात धरली. दुपारी आम्ही बांधावर भाकरी सोडली. माझ्या डब्यातलं कोरड्यास तिनं घेतलं, तिच्या फडक्यातली मिरची मी घेतली. ऊन उतरायला लागलं तेव्हा तिनं खुरपं पुसलं, कमरेला खोचलं आणि म्हणाली, “ऱ्हायलं धा.”